चोच तुटलेला पोपट: आधी पोटाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांचा नर कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) दचकून उडाला, काचेच्या दारावर आपटला आणि वरच्या चोचीचा पुढचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तुटून पडला. रक्त आलं, थोड्या वेळाने थांबलं. याला आता दोन दिवस झालेत. एक जण सांगतो, चोच नखासारखी असते, आपोआप वाढेल, थांबा. दुसरा सांगतो, तुकडा जपून ठेवलाय ना, मग गोंदाने चिकटवून टाका. पक्षी दिवसभर दाण्यांच्या वाटीपाशीच असतो, म्हणजे खाणं चालू आहे. मग डॉक्टरकडे न्यायलाच हवं का, चोच पूर्वीसारखी होईल का, आणि त्याच्या जोडीच्या मादीला पुन्हा त्याच्यासोबत कधी ठेवायचं?

तुम्ही विचारताय चोचीबद्दल, पण मला काळजी वाटली ती ‘म्हणजे खाणं चालू आहे’ या शब्दांची. मी पक्ष्यांवर उपचार करतो आणि चोच दुखावलेले पोपट माझ्याकडे नेहमी येतात. त्यातले जे दगावतात, ते बहुतेक वेळा जखमेमुळे नाही, तर उपासमारीने, आणि तेही भरलेल्या वाटीसमोर. पोपट आपलं दुखणं लपवतो. चोच ठणकत असली तरी तो वाटीपाशी जातो, दाणा उचलतो, जिभेने घोळवतो, टाकून देतो, दुसरा उचलतो. वाटीभोवती दाणे सांडतात, टकटक आवाज येतो आणि घरातल्यांना वाटतं, पठ्ठ्या जेवतोय. चोच वाढायची तेव्हा वाढेल, त्याला महिने लागतात. पोटात काही जातंय का, हे मात्र आजच्या आज कळायला हवं.

म्हणून पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरात वापरतात तसला, एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, रात्रभर साठलेली विष्ठा टाकून झाल्यावर आणि काही खायच्या आधी, त्याचं वजन करा आणि तारीख घालून लिहून ठेवा. काट्यावर उभा राहत नसेल तर छोट्या डब्यात बसवा आणि डब्याचं वजन वजा करा. धडधाकट कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतो, काही थोडे जास्तही. अपघाताआधीचं वजन तुमच्याकडे नाही, हरकत नाही. आज आणि उद्या यातला फरक बघायचा आहे. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन एका दिवसात चार-पाच ग्रॅमने उतरलं तर मी लगेच कळवायला सांगतो. दहा टक्के, म्हणजे नऊ ग्रॅम उतरलं, तर तो पक्षी घरी ठेवण्यासारखा राहिलेला नाही. बजरीगर, म्हणजे त्याहून लहान पोपट, असता तर मी आणखी घाई केली असती, कारण तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाकडे साठा असा नसतोच. मकाव किंवा आफ्रिकन ग्रे असा थोराड पोपट एखादा दिवस कमी जेवून निभावून नेतो, पण त्याच्या बाबतीतही मी दोन दिवस वाट बघत बसणार नाही.

वजनाला जोड विष्ठेची. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा साधा कागद घाला, रोज बदला आणि बदलण्याआधी नीट बघा. पोपटाच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी. घट्ट भाग अन्नातून येतो. तो आक्रसून गडद हिरवा, जेमतेम थेंबाएवढा झाला आणि बाकी पांढरं आणि पाणीच दिसू लागलं, तर पोटात काही जात नाही असं समजा, मग तो वाटीपाशी कितीही वेळ काढत असला तरी. वाटीतल्या दाण्यांचंही तसंच. सोललेल्या दाण्यांची फोलपटं दिसली पाहिजेत. दाणे नुसते विखुरलेले, अख्खे, ओलसर असतील तर तो खात नाही, खायचा प्रयत्न करतोय. छातीच्या मधोमध उभं हाड असतं, त्यावर हलकं बोट फिरवून पाहा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड धारदार लागायला लागलं तर मांस उतरलंय.

आता ‘चोच नखासारखी असते’ म्हणणाऱ्याकडे येऊ. तो अर्धा बरोबर आहे. चोचीचं बाहेरचं कवच केराटिनचं असतं, नखं ज्याची असतात त्याचंच, आणि ते आयुष्यभर वाढत राहतं. पण कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि नसांनी भरलेला जिवंत थर असतो, आणि त्याच्याही आत हाड. पोपटाच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या नसांची इतकी दाटी असते की दाणा कुठे पकडलाय, किती दाबलाय, हे त्याला त्या टोकावरून कळतं. तेव्हा चोच तुटल्यावर दुखतं, आणि बरंच दुखतं. दुसरी गोष्ट अशी की पोपटाची वरची चोच कवटीला घट्ट जखडलेली नसते. ती बिजागरीसारख्या सांध्यावर वर-खाली हलते. काचेवर जोरात आपटलेल्या पक्ष्यात पुढचं टोक तुटलेलं सगळ्यांना दिसतं, पण मागच्या सांध्याला हिसका बसलेला कोणी बघत नाही. तोंड मिटत नसेल, वरची चोच वर अडकून राहिली असेल किंवा एका बाजूला कलली असेल, तर टाळूचं हाड जागेवरून सरकलेलं असू शकतं. हे मोठ्या मकावांत जास्त दिसतं, आणि वेळेत नेलं तर भूल देऊन जागेवर बसवताही येतं. रेंगाळलात तर मात्र ते अवघड होत जातं.

म्हणून ‘चोच वाढेल का’ याचं माझं उत्तर नेहमी एका प्रश्नाने सुरू होतं: तुटलं कुठे आणि किती खोल? फक्त टोकाचं मेलेलं केराटिन उडालं असेल, रक्ताचा थेंबही आला नसेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. कडा घासून गुळगुळीत केल्या की काही आठवड्यांत पक्षी विसरूनही जातो. रक्त आलं म्हणजे जिवंत थरापर्यंत इजा पोचली. तुमचं प्रकरण इथलं आहे. तो थर शाबूत असेल आणि जंतुसंसर्ग झाला नाही, तर त्यावर नवं कवच येतं. नवं केराटिन मुख्यतः नाकपुड्यांकडच्या मुळापासून तयार होतं आणि हळूहळू टोकाकडे सरकतं. त्यामुळे आज मुळाशी दिसणारी खाच पुढच्या काही महिन्यांत खाली उतरत आलेली दिसेल. ती खाली सरकतेय हे चांगलं लक्षण. पण हाडाचाच तुकडा गेला असेल तर तेवढी लांबी परत येत नाही. आहे त्या हाडावर कवच चढतं आणि चोच आखूड राहते. आणि मुळाशी, जिथून वाढ होते तिथेच चिरडलं असेल, तर तिथून कायमची खाच किंवा वाकडी वाढ होत राहते. यातलं तुमच्या पक्ष्यात काय झालंय ते फोटोवरून सांगता येत नाही. हाड किती गेलं ते एक्स-रेमध्ये दिसतं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, न्यायलाच हवं, आणि शक्यतो पक्ष्यांची सवय असलेल्या डॉक्टरकडे. दोन दिवस आधीच गेले आहेत.

नेईपर्यंत घरी काय करायचं ते सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही.

रक्त पुन्हा सुरू झालं तर स्वच्छ गॉज किंवा सुती कापडाची घडी तुटलेल्या टोकावर हलक्या हाताने चार-पाच मिनिटं धरून ठेवा, मध्ये उचलून बघू नका. नाकपुड्या दाबल्या जाणार नाहीत आणि छातीभोवती पकड घट्ट होणार नाही याकडे लक्ष ठेवा. पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलवावी लागते. छाती आवळली तर तो हातातच गुदमरतो. टोकाला चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावलं तर रक्त गोठायला मदत होते. नखं कापताना वापरायची रक्त थांबवणारी पावडर असते, ती फक्त चोचीच्या टोकाला आणि अगदी थोडी. उघड्या मांसावर किंवा तोंडाच्या आत नको. किती रक्त म्हणजे जास्त? पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं, म्हणजे ९० ग्रॅमच्या कॉकाटीलमध्ये नऊ मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं एखादं मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, धडधाकट पक्षी सोसतो. रक्त कापडावर पसरलं की थोडंही फार दिसतं, हे खरं. पण थेंब थांबतच नसतील तर अंदाज बांधत बसू नका.

ऊब द्या. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका, आतलं तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि ऊब एकाच बाजूने द्या, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल, तर फार गरम झालंय. याला एक अपवाद आहे आणि तो तुम्हाला लागू होऊ शकतो: तुमचा पक्षी काचेवर डोक्याने आपटलाय. मान कलती असेल, तोल जात असेल, दोन डोळ्यांच्या बाहुल्या वेगळ्या आकाराच्या दिसत असतील, तो नुसता गुंगीत बसत असेल, तर मेंदूला मार लागलेला असू शकतो. अशा पक्ष्याला जास्तीची ऊब देऊ नका. अंधाऱ्या, शांत, साध्या तापमानाच्या जागी ठेवा आणि निघा. आणखी एक, सहसा कोणी सांगत नाही म्हणून: काही हीटर आणि उष्णतेच्या दिव्यांवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. तो तापल्यावर निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतात. दिव्याची खात्री नसेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवलेली बरी.

गोंद अजिबात नाही. झटपट चिकटणारा गोंद घट्ट होताना तापतो, ओघळून नाकपुडीत आणि जिभेवर जातो आणि जखमेतली घाण आतच बंद करतो. नंतर मला तो काढताना पक्ष्याला भूल द्यावी लागते आणि बरोबर चांगला थरही निघतो. तुम्ही जपून ठेवलेला तुकडाही आता उपयोगाचा नाही. एकदा पूर्ण सुटलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो पुन्हा जिवंत होत नाही. अर्धवट लोंबणारा तुकडा वेगळा. तो स्वतः ओढून काढू नये, कारण ताजी भेग असेल आणि तुकडा थोडाफार जोडलेला असेल तर काही वेळा आधार देऊन वाचवता येतो. मात्र त्यासाठी पक्षी काही तासांत पोचायला हवा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा चुराही देऊ नका, त्यांचा पक्ष्यांसाठी घरी काढता येईल असा सुरक्षित डोसच नाही. वेदना कमी करायची औषधं आहेत, मी स्वतः मेलॉक्सिकॅम बऱ्याचदा वापरतो, पण ते वजनावरून मोजून आणि शरीरात पुरेसं पाणी आहे हे बघून द्यावं लागतं. दोन दिवस न प्यालेल्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, तेलकट मलमं, पेट्रोलियम जेलीही नको. मलम चोचीवरून पिसांना लागतं, पिसं चिकटतात आणि पक्षी गारठतो. चोच घाण झाली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकं पुसा, एवढंच.

हे सगळं करताना खाणं थांबवायचं नाही. दाणे सोलायला टोक लागतं आणि जोर लागतो. आज त्याच्याकडे दोन्ही नाही. त्याला न सोलता, न तोडता, जिभेने आणि खालच्या चोचीने उचलता येईल असं काहीतरी द्या. पेलेट (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य) खात असेल तर ते कोमट पाण्यात भिजवून पूर्ण मऊ करा. नसेल खात, तर शिजवून मऊ केलेलं धान्य, कुस्करलेलं उकडलेलं रताळं किंवा गाजर, उकडलेलं अंडं बारीक करून, त्यात त्याचे नेहमीचे दाणे भरड कुटून. ओळखीचा वास आणि चव असली की तो लवकर तोंड लावतो. नव्या पदार्थाकडे पोपट संशयानेच बघतात, त्यात हा दुखावलेला. उथळ, रुंद, जड वाटी घ्या आणि ती तो बसतो त्या दांडीच्या बरोबरीने ठेवा, खाली वाकावं लागेल अशी नको. काही पक्षी वाटीला हात लावत नाहीत पण चमच्यातून घेतात. कडा जरा वाकवलेला छोटा धातूचा चमचा त्यांना सोपा जातो. ओलं अन्न दोन-तीन तासांत बदला, नाहीतर त्यात जंतू वाढतात आणि ते थेट जखमेला लागतात. दूध किंवा दुधात भिजवलेलं काही नको, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. मऊ आहे म्हणून अ‍ॅव्होकॅडो तर मुळीच नाही, पोपटांना ते विषारी आहे.

पिल्लांना भरवायची पावडर मिळते ती अशा वेळी कामाची असते, अट एवढीच की तो चमच्यातून किंवा वाटीतून स्वतः घेतोय. तापमान ३९-४० अंशांच्या आसपास. ४३ च्या पुढे गेलं की गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते आणि ते काही दिवसांनी, भोक पडल्यावर कळतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या लगद्यात मधेच तापलेले कण राहतात, म्हणून नीट ढवळून थर्मामीटरने बघा. सिरिंजने तोंडात सोडायचा मोह मात्र आवरा. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. मोठा, धडपडणारा, कधीही हाताने न भरवलेला पक्षी आणि पहिल्यांदाच सिरिंज हातात घेतलेला माणूस, ही जोडी घातक ठरते. अन्न फुप्फुसात गेलं तर चोचीचा प्रश्नच उरत नाही. खात नसेल तर डॉक्टर नळीने थेट अन्नपिशवीत भरवतात. ते काही मिनिटांचं काम आहे. ते तुम्हाला शिकवता येतं, पण समोर बसून. लिहून नाही.

पाण्याची वाटी जरा खोल ठेवा, म्हणजे टोक नसलं तरी जीभ पोचते. नळीच्या बाटलीतून पिणाऱ्या पक्ष्याला सध्या वाटीही द्या. नळीच्या तोंडातली गोळी ढकलायला दुखत असेल तर तो सरळ पाणीच सोडतो.

दवाखान्यात काय होईल याची थोडी कल्पना असू द्या. आधी वजन, डोळे, श्वास, मग तोंडाच्या आत जीभ आणि टाळू. बरेचदा भूल देऊनच नीट बघता येतं, आणि त्याला घाबरू नका. दुखऱ्या चोचीशी जागेपणी झटापट करणं पक्ष्यासाठी जास्त धोक्याचं. जखम स्वच्छ करतात, टोकदार कडा छोट्या ग्राइंडरने घासतात, वेदनाशामक देतात, गरज पडली तर प्रतिजैविक. इजा मांजराने किंवा कुत्र्याने केली असती तर मी प्रतिजैविकासाठी एक तासही थांबलो नसतो. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला जातीचे जंतू पक्ष्याला दोन-तीन दिवसांत संपवतात, वरून ओरखडा दिसत नसला तरी.

भेग असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसलं अ‍ॅक्रिलिक किंवा कंपोझिट बसवून ती धरून ठेवता येते, तोवर खालून नवं कवच येतं. पूर्ण तुटलेल्या भागाच्या जागी कृत्रिम चोच बसवावी का, हे मला बरेच जण विचारतात, कारण त्याच्या बातम्या होतात. अलास्कात गोळी लागून वरची चोच गमावलेल्या ‘ब्यूटी’ नावाच्या गरुडमादीला २००८ मध्ये कृत्रिम चोच बसवली होती, आणि कोस्टा रिकातल्या ‘ग्रेसिया’ या टूकानला (मोठ्या चोचीच्या पक्ष्याला) २०१६ मध्ये त्रिमितीय छपाईची. काम कौतुकाचंच आहे. पण गरुड मांस फाडतो, टूकान फळ उचलून मागे फेकतो. पोपट सदानकदा चावत, फोडत, लटकत असतो. त्याच्या चोचीवर जोर एवढा पडतो की चिकटवलेली चोच काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटते, आणि सुटताना कधी खालचा जिवंत थर घेऊन जाते. शिवाय खालून वाढणारं कवच तिला स्वतःच ढकलून काढतं. तुमच्या पक्ष्याचं टोकच गेलंय, दोन तृतीयांश चोच शाबूत आहे. अशा पक्ष्यात मी कृत्रिम चोचीच्या वाटेला जाणार नाही. तुमचे डॉक्टर प्रत्यक्ष बघून वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, पण ती किती दिवस टिकेल आणि सुटली तर काय, हे विचारून घ्या.

पोपट किती जुळवून घेतो याचं मला आवडणारं उदाहरण न्यूझीलंडमधलं आहे. क्राइस्टचर्चच्या विलोबँक अभयारण्यात ब्रूस नावाचा कीआ जातीचा पोपट आहे. त्याला वरची चोच जवळजवळ नाहीच. पिसं साफ करायला तो बारीक खडा निवडतो, जीभ आणि खालची चोच यांच्यात धरतो आणि त्यावर पीस घासत नेतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. संशोधकांनी त्याच्या या सवयीवर २०२१ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. सगळेच पोपट ब्रूसएवढे हिकमती नसतात, पण वरचं टोक गेलेले माझ्याकडचे बहुतेक कॉकाटील काही आठवड्यांत मऊ अन्न उचलायची आपली-आपली पद्धत शोधून काढतात. खालची चोच गेली तर जास्त कठीण जातं, कारण जिभेला टेकू खालच्या चोचीचा असतो. आणि दोन्ही चोची मुळापासून गेल्या असतील, पक्षी आठवड्यांनंतरही नळीशिवाय वजन धरत नसेल, वेदना औषधाने आवरत नसतील, तर त्याला शांतपणे निरोप देण्याचं बोलणं मी टाळत नाही. तुमचं प्रकरण त्याच्या आसपासही नाही.

जखम भरल्यावर एक गोष्ट लोक विसरतात, ती खालच्या चोचीची. वरची आणि खालची चोच एकमेकींवर घासून मापात राहतात. वरचं टोक नसलं की खालचीला अडवायला कोणी नाही. ती पुढे आणि वर वाढत सुटते, मग एका बाजूला सरकते, आणि तुटलेल्या चोचीपेक्षा तिचाच त्रास मोठा होतो. म्हणून दर महिना-दीड महिन्याने दाखवून ती घासून घ्यावी लागते, निदान वरची पुरेशी येईपर्यंत. काहींना जन्मभर. घरी नखं कापायच्या कात्रीने छाटू नका, केराटिन उभं चिरतं आणि भेग वर मुळापर्यंत जाते.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याची. पोपट चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो. लव्हबर्डवर २०२२ मध्ये झालेल्या एका अभ्यासात तर उभ्या पृष्ठभागावर चढताना चोचीवर पायांइतकाच जोर येतो असं मोजून दाखवलंय. तेव्हा तुमच्या पक्ष्याला सध्या तारांवरून चढायला लावू नका. दांड्या खाली घ्या, एकीवरून दुसरीवर पायांनीच जाता येईल अशा जवळ लावा आणि तळाशी टॉवेल पसरा. लाकडी खेळणी, कॅल्शियमचा ठोकळा, चावायच्या वस्तू काढून ठेवा. जखम भरली की एकेक करून परत द्या, आधी कागद, मग मऊ लाकूड. पिसं त्याला नीट साफ करता येणार नाहीत, म्हणून एकदा तब्येत सावरली की दिवसा कोमट पाण्याचा हलका फवारा द्या. डोक्यावर आणि मानेवर नळीत अडकलेली नवी पिसं दिसतील. पूर्ण पक्व झालेल्या पिसांची नळी बोटांनी हलकेच चुरली की ती मोकळी होतात. मुळाशी अजून निळसर-लाल रक्त दिसत असेल तर हात लावू नका.

एक शंका विचारून ठेवतो. आपटण्याआधी त्याची चोच कशी होती? वाढलेली, मऊ, पापुद्रे सुटणारी, आत काळपट-लाल डाग असलेली? निरोगी चोच काचेवर आपटून तुटते खरी, पण यकृत बिघडलेल्या पक्ष्याची चोच लांब आणि ठिसूळ होते आणि साध्या धडकेतही तुटते. बजरीगरांच्या चोचीवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं आणि खपल्या असतील तर तो एका सूक्ष्म किड्याचा रोग असतो, आणि तो औषधाने जातो. काकाकुआंमध्ये चोच आणि पिसं दोन्ही बिघडत असतील तर विषाणूची तपासणी करावी लागते. आणि वर्षानुवर्षं नुसते दाणे खाणाऱ्या पक्ष्याला अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. त्याने केराटिनही नीट तयार होत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. यावर उपाय हळूहळू आहार बदलण्याचा. जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने पाण्यात घालू नका, ते जास्त झाले तरी अपाय करतात, आणि चोच त्याने भरभर वाढत नाही. अपघाताआधीचे जुने फोटो असतील तर डॉक्टरांना दाखवा, त्यावरून बरंच कळतं.

राहिली मादी. तिला आत्ता त्याच्या पिंजऱ्यात सोडू नका. ती प्रेमानेच त्याची चोच साफ करायला जाईल आणि खपली उखडेल; आणि मादी आक्रमक असेल तर त्याच्याकडे आज बचावाचं साधन नाही. शिवाय दोघं एकत्र असले की विष्ठा कोणाची आणि खाल्लं कोणी, हे तुम्हाला कळणार नाही. पिंजरे शेजारी-शेजारी ठेवा, एकमेकांना दिसतील, हाका मारता येतील असे, पण तारांतून चोच पोचणार नाही एवढं अंतर ठेवून. जोडीदार दिसत असला की बरेच पक्षी लवकर तोंड लावतात. ती खाताना दिसेल अशा जागी त्याची मऊ अन्नाची वाटी लावा, त्याचा उपयोग होतो. जखम कोरडी झाली, डॉक्टरांनी खेळणी परत द्यायला सांगितली आणि वजन सलग दोन आठवडे एका जागी टिकलं, की पिंजऱ्याबाहेर तुमच्या नजरेसमोर थोडा वेळ एकत्र सोडून बघा. दोन वाट्या ठेवा, लांब-लांब. तिने त्याला वाटीवरून हाकललं तर आणखी थांबा. आणि तोवर त्या काचेच्या दारावर बाहेरून-आतून काहीतरी चिकटवा, नाहीतर पडदा लावा. काच आहे हे पक्ष्याला दिसतच नाही.